शिडीवाल्याची बरणी

४ मार्च, मंगळवार

ही वही पेंटरकाकांनी दिली. म्हणाले, "पाट्या रंगवणाऱ्याने रोज चार ओळी स्वतःच्याही लिहाव्यात. हात बसतो." माझा हात बसलेला आहे. शाळा आठवीत सुटली, तरी दुकानातल्या एकाही पाटीवर माझ्या हातून ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही. काकांना खरं म्हणायचं होतं की डोकं बसतं. ते तसं म्हणाले नाहीत, म्हणून मी वही घेतली.

सकाळी घरमालक आले होते. एक तारखेपासून मागची भिंत रंगवायला घेणार आहेत, त्याआधी तिथली पेटी उतरवा म्हणाले. पेटी म्हणजे जुन्या लाउडस्पीकरचं लाकडी खोकं. दादाने ते छपराखाली ठोकलं, कशासाठी ते त्यालाच माहीत, आणि पुढच्याच महिन्यात त्यात मधमाश्या राहायला आल्या. मालक तेव्हाही काढा म्हणाले होते. दादा म्हणाला होता, "मालक, आम्हीच भाडेकरू. त्यांना कुठल्या तोंडाने नोटीस देऊ?" मालक हसले आणि पेटी तीन वर्षं राहिली.

आज ते हसले नाहीत. चपलेकडे बघत म्हणाले, "जाळून टाका ती. संपवा एकदाचं." आतून आई म्हणाली, "जाळायचं नाव या घरात काढू नका."

दादा वायरमन होता. गेल्या पाच ऑक्टोबरला, दुपारी दोन वाजून गेल्यावर, त्या पेटीतला मध काढायला शिडीवर चढला. शिडी घसरली. त्याच संध्याकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला.

६ मार्च, गुरुवार

काकांच्या ओळखीचा एक मधमाशीवाला निघाला. तो जाळणार नाही. माश्या आणि पिल्लांची पोळी स्वतःच्या पेटीत बसवून नेणार. मधाची पोळी आमची. रविवारी येतो म्हणाला.

वहिनींच्या भावाचा फोन आला. तीस तारखेला न्यायला येतोय. वहिनींना तिकडे शिवणाच्या वर्गात शिकवायचं काम मिळालं आहे. तो डिसेंबरमध्ये आला होता, जानेवारीतही आला होता. दोन्ही वेळा वहिनींनी त्याला परत पाठवलं, "माझं इथलं एक काम राहिलंय" म्हणून. या वेळी मात्र हो म्हणाल्या.

मी विचारलं, "वहिनी, काम कुठल्या कचेरीत अडलंय? दादाचे कागद असतील तर मी जाऊन येतो."

"कचेरीत नाही अडलेलं, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवून गेल्या.

वहिनी माझा कप नेहमी डाव्या हाताशी ठेवतात. मी उजवा आहे. त्यांच्या लक्षात राहत नसावं. गेल्या पाच महिन्यांत मीच डाव्या हाताने प्यायला शिकलो.

९ मार्च, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

मधमाशीवाला नऊला आला. बुटका, बोलका, हातात मोजे नाहीत. पेटीकडे बघून म्हणाला, "वा! माश्यांना गाण्याची आवड दिसते." कुणी हसलं नाही. मग त्याने शिडी मागितली.

शिडी मागच्या अंगणात भिंतीलगत आडवी पडलेली आहे. ऑक्टोबरपासून तिला कुणी हात लावलेला नाही. खाली गवत पिवळं पडलं होतं. त्याने उचलून भिंतीला लावली आणि विचारलं, "धरणार कोण?"

आईने माझ्याकडे बघितलं. वहिनींनीही. मी म्हणालो, माझा हात दुखतोय.

वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी शिडी धरली. दोन्ही हातांनी. तो वर पेटीची मागची फळी उघडत असताना वहिनींच्या मनगटाला माशी चावली. मी दाराच्या आत होतो तरी मला दिसली. वहिनी हलल्या नाहीत. वर बघत राहिल्या. तो पूर्ण उतरून जमिनीवर पाय टेकेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. मग कमरेची कपाटाची किल्ली काढली आणि तिच्या कडेने काटा खरवडून टाकला.

"ताई, हे कुठं शिकलात?" मधमाशीवाला म्हणाला. "लोक चिमटीत धरून ओढतात, त्याने विष आणखी आत जातं. खरवडायचाच असतो."

"एकदा काढला होता," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा तरी."

त्यांच्या माहेरी मधमाश्या असाव्यात.

मधाची पोळी दोन पातेली भरून मिळाली. त्याने सांगितलेलं शब्दशः उतरवून घेतलं: "मध पिकला की माशी घराला मेणाचं झाकण घालते. झाकण घातलेलं तेवढं कुस्करा, गाळा, वर्षानुवर्षं टिकेल. झाकण नसलेल्या घरात अजून पाणी आहे. तो मध वेगळा काढा आणि आठवड्यात खाऊन टाका. बंद करून ठेवलात तर फसफसेल. आणि विस्तवावर तापवू नका, नुसती कोमट जागा पुरते."

तो माश्या घेऊन गेला. ज्या बाहेर फिरायला गेल्या होत्या त्या मागे राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्या भिंतीवरच्या चौकोनी डागापाशी येत होत्या. पेटी होती त्याच उंचीवर यायच्या, थांबायच्या, आत जायला बघायच्या. आत काही नव्हतं.

१० मार्च, सोमवार

काकांनी दोन दिवस सुट्टी दिली आणि खायच्या तेलाचे दोन रिकामे डबे दिले, झाकणासकट. "आपले रंगाचे डबे कितीही घासलेस तरी मधाला पोपटी चव येईल," म्हणाले.

वरच्या डब्याच्या बुडाला दादाच्या हातड्रिलने भोकं पाडली. एकोणचाळीस झाली. चाळिसाव्याला बुडाला तडा जाईल असं वाटलं, थांबलो. खालच्या डब्याला बुडापासून दोन बोटं वर जुन्या पाण्याच्या फिल्टरची तोटी बसवली, आतून-बाहेरून रबरी वायसर. पाणी भरून अर्धा तास ठेवलं. थेंब नाही. मग तीन वेळा पुसून वाळवलं, कारण मधात पाणी चालत नाही. डबा डब्यात बसवला, मध्ये रंग गाळायची नायलॉनची कोरी जाळी. वरून शंभरचा बल्ब टांगला, खाली हात धरवेल इतक्या उंचीवर. आई दारातून बघून म्हणाली, "धाकट्या, अंडी उबवतोस का काय?" पाच महिन्यांनी तिने केलेली पहिली थट्टा. मला हसायला उशीर झाला, तोवर ती गेली होती.

पोळी सुरीने कापून झाकणाची आणि बिनझाकणाची वेगळी केली. मग झाकणाची पोळी परातीत घेऊन बटाटे कुस्करायच्या दट्ट्याने दाबली. पहिल्या दाबाला जो आवाज आला तो मी लिहिणार नाही. पुढे सवय झाली.

खिडक्या बंद होत्या. मागे राहिलेल्या माश्यांना वास लागला आणि त्या काचेवर येऊन आपटू लागल्या. टक. टक. एकेकटी.

पेटीच्या तळाकडच्या, जुन्या, काळपट पोळ्यात दट्ट्या कशावर तरी अडकला. मला वाटलं खिळा. मेण आणि तपकिरी डिंकासारखं काहीतरी बोटांनी खरवडलं. दादाचा टेस्टर निघाला.

दादाच्या शर्टाच्या खिशाला तो नेहमी असायचा. त्या दिवशी तो मिळालाच नाही. वहिनींनी अंगण झाडूनझाडून शोधला होता. तो पेटीतच राहिला होता आणि माश्यांनी त्याच्याभोवती घर बांधलं होतं. म्हणजे पडताना दादाचा हात आतच होता. तो कामात होता. बेसावध नव्हता, चढत नव्हता, उतरत नव्हता.

चार तारखेला मी या वहीत लिहिलं, शिडी घसरली. सगळ्यांना तेच सांगितलं आहे. शिडी घसरली नाही. मी धरली होती. माझ्या उजव्या तळव्याला माशी चावली आणि मी हात झटकले. दोन्ही. मोजलं तर एक सेकंदसुद्धा नसेल. परत धरायला गेलो तेव्हा शिडी माझ्या हाताच्या जागी नव्हती.

हे वहिनींना जाण्याआधी सांगायला हवं. तीस तारखेच्या आत. एकदा त्या गेल्या की त्या कायम शिडी घसरली असंच धरून चालतील, आणि मग ते खोटं माझ्या हयातभर टिकेल.

वहिनींनी संध्याकाळी विचारलं, "मधात काही सापडलं का?"

मी म्हणालो, "दोन-चार मेलेल्या माश्या."

टेस्टर माझ्या कुंचल्यांच्या डब्यात ठेवला आहे.

१३ मार्च, गुरुवार

गाळून झालं. तीन दिवस बल्ब चालू होता, सकाळ-संध्याकाळ जाळी हलवली. तोटीतून मध पडतो तेव्हा तो पडत नाही, उतरतो. मध्येच थांबतो. संपला वाटतं आणि मग पुन्हा उतरतो.

बरण्या माळ्यावरून काढल्या. दादाने त्या चढण्याच्या आदल्या दिवशीच धुऊन, वाळवून, चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. "पाट्या मी लिहितो," मी त्याला म्हणालो होतो. तो म्हणाला, "पंडित, तू लिहिशील तोवर मधाची साखर होईल." पंडित मला फक्त तोच म्हणायचा. अकरा बरण्या. 'आईसाहेब'. 'बाईसाहेब', म्हणजे वहिनी. 'पेंटर, ब्रशने खाऊ नये'. 'मालक, माश्यांकडून भाडं'. त्याचं अक्षर वाकडं आहे आणि तीन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं आहे. मी एकही दुरुस्ती केली नाही. कुणाची चूक तशीच ठेवायची ही माझी पहिलीच वेळ.

अकराव्या बरणीवर लिहिलंय, 'शिडीवाला'.

पिकलेला मध बरोबर दहा बरण्या भरला. थोडा थोडा कमी घालून अकरावीही भरता आली असती. मी भरली नाही. बिनझाकणाच्या पोळ्याचा पातळ मध होता तो तिच्यात ओतला. माझ्या वाटणीचं ते ठीक आहे. आठवड्यात खाऊन टाका असं त्याने सांगितलं होतं, पण तो मध माझ्या घशाखाली उतरणार नाही, आणि टाकणंही शक्य नाही. तेव्हा हवा लागू नये म्हणून झाकण घट्ट फिरवलं आणि कुस्करलेल्या पोळ्याचं मेण वितळवून झाकणाच्या कडेने सगळीकडून ओतलं. दोन थर. आता काही होणार नाही.

दादाचं कपाट उघडंच होतं. बरणी त्यात, त्याच्या शर्टांच्या मागे ठेवली.

१६ मार्च, रविवार

बरण्या वाटल्या. काकांनी चिठ्ठी वाचली आणि दुकानात सगळ्यांसमोर नाक शिंकरलं. मग म्हणाले, "थिनरने डोळ्यांत पाणी येतं." थिनरचा डबा बंद होता.

वहिनींशी बोलायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. त्या कपडे घडी करत होत्या, प्रवासाचे. मी म्हणालो, "वहिनी." त्या थांबल्या, हातातली घडी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "पिशवीची चेन बसवून आणू का?"

"आणा," त्या म्हणाल्या.

१८ मार्च, मंगळवार

दुपारी जेवायला घरी आलो होतो. आई बाहेरच्या खोलीत पडली होती, वहिनी मशीनवर. दादाच्या कपाटातून आवाज आला. स्स्स.

दादा उघड्या वायरला हात घालण्याआधी दातांतून हवा आत ओढायचा. स्स्स. चटका बसल्यासारखा, चटका बसण्याआधीच. शिडीवरही त्याने तसंच केलं होतं. तो आवाज मी कुठेही ओळखेन.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

१९ मार्च, बुधवार

काकांना पोट बिघडलं सांगून दुपारी घरी आलो. दोन वाजून पंधरा मिनिटांनी एकदा. दोन सत्तावीसला पुन्हा एकदा, लांब.

२१ मार्च, शुक्रवार

दोन वाजून पाच मिनिटं. तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून ऊन कपाटाच्या पाठीवर आलेलं असतं, पत्रा हाताला गरम लागतो. कपाट उघडलं नाही. बाहेरूनच म्हणालो, "दादा, सांगणार आहे. तीसच्या आत."

मागे वहिनी उभ्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या.

"कुणाशी बोलताय?"

"पाठ करत होतो," मी म्हणालो. "पाटीवरचा मजकूर."

"किती ओळींचा आहे?"

"एकच."

"मग एवढं पाठांतर कशाला लागतं, भाऊजी?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तांब्या माझ्या हाताशी ठेवला. डाव्या.

२२ मार्च, शनिवार

दिवसभर ढग. आवाज नाही. साडेतीनपर्यंत बसून होतो.

दादाही ढगाळ हवेत खांबावर चढायचा नाही.

२४ मार्च, सोमवार

आज ऊन कडक. एक पन्नासपासून चालू. स्स्स, मग टक्, मग पुन्हा. जणू तो जवळ येतोय. दुकानात एका दवाखान्याच्या पाटीवर मी 'शल्यचिकित्सक' लिहिताना एक अक्षर गाळलं. काकांनी पाटी उलटी करून ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

आईने रात्रीच्या जेवणाला तिच्या बरणीतला मध वाढला. "चांगला उतरलाय रे," म्हणाली. "त्याला दाखवायला हवा होता." वहिनींनी चाटून बघितला आणि डोळे मिटले. मला वाढू लागल्यावर मी ताट मागे घेतलं.

"तुझी बरणी कुठाय?" आईने विचारलं. "त्याने तुझीही केली असेल की."

"ठेवली आहे."

"खा मग. ठेवून काय लोणचं व्हायचंय?"

२५ मार्च, मंगळवार

भिंतीवर आज दोनच माश्या होत्या. एक दुसरीला ओलांडून डागाच्या मध्यावर गेली आणि तिथेच बसून राहिली. मी काठी लावून बघितली. मेली होती, भिंतीला धरून.

पाच दिवस राहिले.

२७ मार्च, गुरुवार

ठरवलं, उद्या. सकाळी चहाच्या वेळी. वाक्य तयार आहे: "वहिनी, शिडी घसरली नव्हती, माझ्या हातून सुटली." तपासलं. 'माझ्या हातून सुटली' यात मी कुठेच नाही, हात आहे. 'मी सोडली' असं हवं. दुरुस्त केलं.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी बोललो नाही. आई तिथे होती.

दुपारी घरी आलो. आई बाहेरच्या खोलीत झोपली होती. वहिनी दादाचे शर्ट बांधायला म्हणून कपाटाकडे निघाल्या. मी म्हणालो, "आत्ता नको, दोन वाजतायत."

"दोन वाजतायत म्हणजे?"

मी उत्तर देईपर्यंत आतून आवाज आला. आज स्स्स नव्हता. फटका होता, एखाद्याने आतून दारावर हात मारल्यासारखा. मी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "दादा, सांगतो, सांगतो."

वहिनींनी किल्ली लावून कपाट उघडलं.

शर्टांवर सगळीकडे फेस होता. झाकण उडून वरच्या फळीला लागून खाली पडलं होतं, कडेला मेणाची कडी तशीच. बरणीतून मध उकळल्यासारखा वर येऊन भळभळत होता, पातळ, आंबूस वासाचा. वहिनींनी बरणी उचलली, फिरवली आणि चिठ्ठी वाचली. मग शर्ट एकेक करून काढून बादलीत टाकू लागल्या. मी बघत होतो. काय झालं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. आत्ता मागची पानं उलटली. नऊ तारखेच्या नोंदीत लिहिलेलं आहे: बंद करून ठेवलात तर फसफसेल. माझ्याच अक्षरात, एकही चूक नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "शिडी घसरली नव्हती."

त्या फळी पुसत राहिल्या. "मग?"

"मी सोडली. माशी चावली म्हणून."

"हं."

"ऐकलंत का?"

"पाच महिने कान देऊन बसलेय, भाऊजी. बोललात तुम्ही आज."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी फडकं पिळलं, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि माझा उजवा हात ओढून उताणा केला, जसं भाजीवाल्याकडचं काही पारखून घ्यावं तसं.

"दवाखान्यात बाकावर बसला होतात. मूठ आवळलेली, सुजून पेरूएवढी झालेली. मी उघडली तर मध्यभागी काटा. किल्लीने खरवडला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण तुम्हाला मी दिसत नव्हते. शिडी धरणाऱ्याच्या तळव्यात काटा म्हटल्यावर शिडी कशाने सुटली हे कळायला काय शाळा शिकावी लागते?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर तुम्ही हो म्हणाला असतात आणि रडला असतात. मला तुमचं हो नको होतं. तुम्ही सांगायला हवं होतं."

"रागावलात?"

"डिसेंबरपर्यंत तुमचं तोंड बघवत नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "चहा ठेवायचे आणि निघून जायचे. तुम्हाला वाटलं असेल कामात आहे. मधमाशीवाला आला त्या दिवशी मी जोरात धरली शिडी, माशी चावली तरी. दाखवायला धरली. नंतर मनगट ठणकत होतं तेव्हा कळलं, वर माणूस असताना खाली हात सुटला की काय होतं, ते मला आधीच माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसताना माझाही हात सुटला असता का, हे मला कधी कळायचं नाही."

मी विचारलं, "तुमचं राहिलेलं काम..."

"झालं ते."

मी उठून कुंचल्यांच्या डब्यातून टेस्टर आणला. त्यांनी तो हातात घेतला, नखाने मेण काढलं, दांड्यातला दिवा उजेडात धरून बघितला. मग पहिल्यांदा रडल्या. आवाज न करता, आई झोपली होती म्हणून. मी फेस पुसला.

जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आईंना मी सांगणार नाही. ते माझं काम नाही."

२९ मार्च, शनिवार

शर्ट तीन पाण्यांतून काढून वाळत घातले. वास गेला नाही.

दोन वाजता कपाटासमोर बसलो होतो. ऊन आलं, पत्रा तापला. आतून काहीच आवाज आला नाही. मी बराच वेळ वाट बघितली. वाईट वाटलं हे लिहायला हवं.

३० मार्च, रविवार

वहिनी सकाळी गेल्या.

त्याआधी चहा झाला. माझा डावा हात सवयीने पुढे गेला होता आणि तिथे काही नव्हतं. कप उजवीकडे होता. मी वर बघितलं. वहिनी आईला काहीतरी सांगत होत्या, गॅसच्या नळीबद्दल.

शिडीवाल्याची बरणी धुऊन ओट्यावर उपडी होती. चिठ्ठी भिजून शाई पसरली आहे, तरी वाचता येते. निघता निघता वहिनींनी स्वतःची बरणी उघडून अर्धा मध तिच्यात ओतला. मधाला उतरायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांचा भाऊ दारात चुळबुळत होता. "ताई, गाडी निघेल."

"निघू दे. पाच महिने थांबले, पाच मिनिटांनी काय होतंय?" मग मला म्हणाल्या, "याचं झाकण घट्ट लावा हवं तर. हा पिकलेला आहे."

आई त्यांच्या गळ्यात पडून रडली. गाडी गेल्यावर बराच वेळ फाटकाशी उभी होती. आत येताना म्हणाली, "आता दोघंच रे आपण, धाकट्या." आणि पडायला गेली.

आत्ता दोन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. उद्यापर्यंत भिंतीवरचा डागही राहणार नाही, रंगारी एक दिवस आधीच येणार आहेत. मी चमचाभर मध खाल्ला. चांगला उतरलाय.

आईसाठी वेगळं वाक्य तयार केलेलं नाही. तेच आहे, एका ओळीचं. ती उठली की सांगायचं. तिच्या औषधांच्या बांधलेल्या वेळा, तिच्या छातीचं दुखणं, सगळं मोजून झालं. मोजायला आणखी काही सापडत नाही.

आतून खाट वाजली. भांड्याचा आवाज येतोय. आई हाक मारते आहे, चहा टाकू का विचारते आहे.

उठतो.